सुई उचलण्याआधी

बेळगावच्या खडेबाजारात कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. हव्या त्या गाण्यांची यादी वहीच्या पानावर लिहून द्यायची, सोबत साठ मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची आणि चार-पाच दिवसांनी भरलेली कॅसेट घरी आणायची. 1986 साली मी सतरा वर्षांचा होतो आणि माझं सगळं रॉक संगीत त्या दुकानातून, सायकलच्या हँडलला लटकवलेल्या पिशवीतून घरी आलं. एका बाजूला तीस मिनिटं. गाणी हे गणित मानत नाहीत. फीत संपत आली की शेवटचं गाणं जिथे असेल तिथे तुटायचं, बटण खट्‌कन वर यायचं आणि खोलीत नुसता पंखा उरायचा.

त्यातल्या एका कॅसेटवर बीटल्सची दोन गाणी तुटलेली होती. ‘अ डे इन द लाइफ’ पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी होतं. त्यात चाळीस वादकांचा ताफा सगळ्यांत खालच्या सुरापासून वर चढत जातो, प्रत्येक जण आपापल्या वाटेने, आपापल्या वेगाने. ती चढण शिगेला पोचायची आणि खट्. शिडी चढून वर जावं आणि वर घरच नसावं, तसं व्हायचं. दुसरं गाणं ‘आय वॉन्ट यू’. गिटारीचे तेच ते सूर फिरत राहतात, त्यांच्यामागे वाऱ्यासारखा घोंघाट वाढत जातो, आता काहीतरी कोसळणार असं वाटतं, आणि मधेच, एखाद्या शब्दाच्या मधोमध श्वास थांबावा तशी शांतता. दुसऱ्या क्षणाला यादीतलं पुढचं गाणं सुरू.

दोन्ही तुटणी मी दुकानदाराच्या खात्यावर लिहून टाकली होती. त्यातलं एकच त्याचं होतं, हे बंगळूरला आल्यावर कळलं. ‘आय वॉन्ट यू’ तसंच आहे. 1969 साली ‘अ‍ॅबी रोड’ या तबकडीचं काम चाललं असताना जॉन लेननने ध्वनिमुद्रकाला सांगितलं, फीत इथेच काप. त्याने कापली. जे मला चूक वाटत होतं तो शेवट होता. आणि ‘अ डे इन द लाइफ’ मात्र दुकानात खरंच तुटलं होतं, त्याचा खरा शेवट मी ऐकलाच नव्हता.

बाबा पोस्टात कारकून होते आणि संध्याकाळी तबला घेऊन बसायचे. दर डिसेंबरात चार दिवस रजा टाकून ते पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जायचे. त्या काळी गाणं रात्रभर चालायचं. पहाटेच्या थंडीत, अंगावर घोंगडी घेऊन, शेवटची भैरवी ऐकल्याशिवाय ते मांडव सोडत नसत. भैरवीनंतर सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावायचे. कुंदगोळच्या त्या गायकाचा, 1952 साली गेलेल्या माणसाचा आवाज पहाटे मांडवभर पसरायचा आणि मग महोत्सव संपायचा. बाबांचा घरातला एक नियम त्या मांडवातूनच आला होता. भैरवी झाल्याशिवाय उठायचं नाही. गायक कोवळा असो की थकलेला, त्याचं गाणं त्याला संपवू द्यायचं.

माझ्या कॅसेटच्या आवाजाबद्दल ते कधी बोलले नाहीत. ड्रम तर ते कान देऊन ऐकायचे. त्यांची अडचण वेगळी होती. एकदा एक गाणं हळूहळू बारीक होत विरून गेलं आणि त्यांनी विचारलं, “हे संपलं कुठे? सम कुठे आली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांच्या जगात शेवट म्हणजे येऊन पोचणं. तिहाई तीनदा तेच म्हणत, नेमक्या मोजणीने, समेवर येऊन उभी राहते. ऐकणाऱ्याची मान त्याच क्षणी खाली येते. तो क्षण सगळ्यांचा एकच असतो. माझी गाणी मात्र कुठेच पोचत नव्हती. वाजवणारे वाजवत होते आणि आवाज दूर चालला होता, जणू गाडी फलाटावरून निघाली आहे आणि आपण तिथेच उभे आहोत.

1991 साली मी रेल्वेने बंगळूरला आलो. कॉक्स टाउनमध्ये एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. खाली लाल ऑक्साइडची गुळगुळीत फरशी, खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या उतरत्या टोप्या, दारात पर्जन्यवृक्ष. मालक अँग्लो-इंडियन, रेल्वेतून निवृत्त झालेले. मी त्यांना अंकल म्हणायचो. त्यांचे भाऊ लंडनला गेले होते, मुलगी पर्थला. घरात ते, त्यांची म्हातारी कुत्री जूडी आणि काचेच्या कपाटात उभ्या मांडलेल्या तबकड्या. कॅन्टोन्मेंटच्या त्या गल्ल्यांतून रविवारी दुपारी पियानो, गिटार, ट्रम्पेट ऐकू यायचं. या शहराला रॉकचं वेड नंतर लागलं असं म्हणतात, पण त्या घरांमध्ये ते आधीपासून राहत होतं.

एका रविवारी अंकलनी बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ ही तबकडी काढली. भावाने लंडनहून पाठवलेली, 1967 सालची. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, ‘अ डे इन द लाइफ’, सुरू झालं. चढण आली. मी सवयीने त्या खट्‌ची वाट पाहत होतो.

त्याऐवजी स्वर आला. एकच, रुंद, सगळ्या बाजूंनी एकदम पडलेला. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तशी अंकलनी तळवा वर केला. बोलू नकोस. स्वर संपत नव्हता. दहा सेकंद, वीस, तीस. तो लहान होत होता तसतशी खोली मोठी होत होती. जूडीचा श्वास, वळचणीच्या पावसाचं टपटप, आणि तबकडीतच कुठेतरी खुर्ची करकरल्याचा आवाज. मग तोही गेला.

त्या स्वराची गोष्ट अंकलनी नंतर सांगितली, आणि पुढे मी ती पुस्तकांतही वाचली. 22 फेब्रुवारी 1967 रोजी लंडनच्या स्टुडिओत तीन पियानोंवर लेनन, मॅकार्टनी, रिंगो स्टार आणि त्यांचे सहायक मॅल इव्हान्स यांनी एकाच क्षणी ई मेजरचा स्वरसमूह दाबला. जॉर्ज मार्टिन हार्मोनियमवर होते. सगळ्यांचे हात एकदम पडायला हवेत म्हणून नऊ वेळा वाजवावं लागलं. त्याआधी त्यांनी दुसराच शेवट ठरवून पाहिला होता. सगळ्यांनी मिळून तोंड मिटून एक लांब सूर गुणगुणायचा. तो मनासारखा झाला नाही. मग पियानो. हात पडले, पायाने पेडल दाबून धरलं आणि तारा आपल्या आपण विझत जाईपर्यंत कुणी हललं नाही. ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी उलटंच काम केलं. आवाज जसजसा कमी होत गेला तसतशी त्यांनी आवाजाची सरकपट्टी वर ढकलली. तारा मरत होत्या आणि यंत्राचा कान तीक्ष्ण होत होता. म्हणून चाळीस सेकंदांच्या शेवटी संगीत उरत नाही, खोली उरते. हवेचं यंत्र, खुर्ची, बसलेली माणसं.

पण त्या दिवशी ते एवढ्यावर संपलं नाही. स्वर गेला, मी सुस्कारा सोडला आणि जूडीने मान वर केली. दोन्ही कान ताठ. मलाही काहीतरी बारीक, सुईच्या टोकासारखं ऐकू आल्यासारखं झालं. मग तबकडीच्या अगदी आतल्या वर्तुळात माणसांची अर्थहीन बडबड सुरू झाली. सुई त्या खाचेत फिरत राहिली आणि बडबड पुन्हा पुन्हा, थांबायचं नाव नाही. अंकल उठले आणि त्यांनी सुई उचलली.

“एक शिट्टी आहे तिथे,” ते म्हणाले. “मुद्दाम ठेवलेली, माणसाच्या कानाला जेमतेम पोचणारी. पन्नाशीनंतर मला ती ऐकू येईनाशी झाली. आता मी हिच्या कानांकडे बघतो. तिचं संपलं की माझं संपलं.”

ती शिट्टी सेकंदाला सुमारे पंधरा हजार कंपनांची. आपल्या कानातल्या शंखाकृती नळीत उंच स्वर टिपणाऱ्या, बारीक केस असलेल्या पेशी अगदी दारापाशी असतात आणि वय वाढतं तशा त्याच आधी झिजतात. म्हणजे त्या गाण्याचा शेवट प्रत्येकासाठी वेगळ्या जागी आहे. अंकलचा स्वरापाशी, माझा थोडा पुढे, जूडीचा आणखी पुढे. आणि त्याच्याही पलीकडे ती खाच, जिला शेवटच नाही. कुणीतरी उठून हात लावेपर्यंत ती फिरत राहते.

त्या दिवसापासून मी गाण्यांचे शेवट ऐकू लागलो. अंकलच्या कपाटात ते सगळे होते. ‘लैला’चा शेवट मला अजून एकट्याने ऐकवत नाही. गाण्याचा ज्वर ओसरतो, पियानो येतो, काही मिनिटं तो आणि गिटारी हातात हात घालून चालतात, आणि सगळं शांत होताना गिटारवादक ड्युएन ऑलमन तारेवर काचेची नळी घासून पक्ष्याचा आवाज काढतो. दोन-चार चिवचिवाट, मग काही नाही. 1970 साली हे वाजवलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मोटरसायकलच्या अपघातात गेला. पक्षी उडून गेला हे आपण नंतर म्हणतो. त्याने ते आधी वाजवून ठेवलं होतं.

‘स्टेअरवे टू हेवन’मध्ये आठ मिनिटं वाद्यं एकेक करून चढवत नेलेली असतात, आणि शेवटच्या ओळीला सगळी निघून जातात. रॉबर्ट प्लांटचा एकटा आवाज उरतो, ज्याच्यासाठी एवढं रचलं त्यालाच दारापर्यंत सोडून मंडळी परत फिरावीत तसा. पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि त्याच ठोक्यांवर थांबते. त्या शेवटच्या ठोक्यांमधे स्टुडिओच्या दारवानाचा आवाज येतो, त्याला कुणीतरी चंद्राबद्दल विचारलेलं असतं. एवढं मोठं काम आणि शेवटचे शब्द दारवानाचे. ‘अ‍ॅबी रोड’च्या शेवटी ‘हर मॅजेस्टी’ नावाचा एक छोटा तुकडा आहे, अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी. तो मधून कापून टाकायचा ठरला होता. पण काहीही फेकायचं नाही अशी शिकवण असलेल्या तरुण सहायकाने तो फितीच्या शेवटी जोडून ठेवला. कापताना त्याचा शेवटचा स्वर मागेच राहून गेला होता. म्हणून तो संपतच नाही, पाय उचललेला आणि जमीन नाही.

आणि मग ते विरणं. ‘हे जूड’ची शेवटची चार मिनिटं, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’तल्या दोन गिटारी. सरकपट्टी खाली येत जाते आणि ते सगळे वाजवत वाजवत आपल्यापासून दूर जातात. बाबांच्या प्रश्नाला उत्तर मला इथे सापडलं. या गाण्यांची सम हरवलेली नाही. ती आपल्या ऐकण्याच्या पलीकडे कुठेतरी येते. तुम्ही तिला पाहू शकत नाही म्हणून ती नाही असं होत नाही. पंढरीची दिंडी गावाच्या वेशीबाहेर जाते, टाळ बारीक होत जातात, म्हणून अभंग थांबलेला नसतो.

मैदानात मात्र विरता येत नाही. एप्रिल 2002 मध्ये रॉजर वॉटर्स बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आला तेव्हा हे मला उमगलं. ‘कम्फर्टेबली नम्ब’ तबकडीवर गिटार वाजत असतानाच दूर निघून जातं. समोर जिवंत माणसं उभी असतील तर त्यांना कुठे तरी थांबावंच लागतं, आणि ती सगळी एकमेकांकडे बघून, ड्रमवाल्याच्या हाताच्या इशाऱ्यावर थांबतात. म्हणजे सम तिथे होतीच. 17 मार्च 2007 रोजी आयर्न मेडन आलं. देशभरातून काळे टी-शर्ट घातलेली पोरं रेल्वेने आली होती. मेखरी सर्कलकडे जाणारा रस्ता त्यांनी भरून गेला होता. या बँडची एक जुनी रीत आहे. शेवटचं गाणं झालं, दिवे लागले, की ध्वनिक्षेपकावर एक जुनं विनोदी गाणं लावतात. ते सुरू झालं की चाहत्यांना कळतं, आता मंचावर कुणी येणार नाही. मला सवाईतली ती ध्वनिमुद्रिका आठवली. दोन अनोळखी जगांनी शोधलेली एकच गोष्ट. लोकांना नुसतं हाकलायचं नाही, वेशीपर्यंत पोचवायचं.

पण या शहरात शेवट नेहमी वाजवणाऱ्याच्या हातात नसतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम 2000 सालचा आणि देशभराचा. त्या नियमाने पुण्यातली सवाईची रात्रभराची बैठक संध्याकाळी आणून बसवली आणि बंगळूरच्या मैदानातल्या मैफलींच्या अंगावर घड्याळ बांधलं. झोपणाऱ्यांची झोपही खरीच आहे, हे मला मान्य आहे. तरी पावणेदहाला गायकाच्या डोळ्यांत घड्याळ दिसू लागलं की जीव कासावीस होतो. पबमध्ये प्रत्यक्ष वाजणाऱ्या वाद्यवृंदांवर 2005 सालच्या पोलीस आदेशाने परवान्याचं बंधन आलं आणि जानेवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. त्या दिवसांत किती तरी छोट्या मंचांवरचे माइक काढून ठेवले गेले. हे या शहराचं ‘आय वॉन्ट यू’ होतं. फरक एवढाच की लेननने आपली फीत आपल्या मर्जीने कापायला लावली होती.

आणि आम्ही ऐकणारे? आम्हीही कापतो. शेवटच्या दोन गाण्यांच्या आधी शेकडो माणसं निघतात, गाडी बाहेर काढायला. मीही कैकदा निघालो आहे. कुंपणाबाहेर चालताना मागून गर्जना ऐकू आली की पोटात खड्डा पडतो. जे माझ्यासाठी वाजत होतं ते आता माझ्या पाठीला ऐकू येतंय.

1998 साली अंकल पर्थला मुलीकडे गेले. जूडी त्याआधीच गेली होती. बंगल्याच्या जागी आता चार मजले आहेत. जाताना त्यांनी ‘सार्जंट पेपर’ची ती तबकडी आणि आपला रेकॉर्ड प्लेअर मला दिला.

2009 साली बाबा आमच्याकडे महिनाभर राहायला आले. आईला जाऊन वर्ष झालं होतं. एका दुपारी मी त्यांना म्हटलं, “बाबा, तुम्हाला एक शेवट ऐकवायचा आहे.” माझी मुलगी आठ वर्षांची होती, ती त्यांच्या मांडीला टेकून बसली. चढण सुरू झाली तशी त्यांची बोटं गुडघ्यावर मात्रा शोधू लागली. मात्रा मोजता येईनात, बोटं थांबली. स्वर पडला.

ते डोळे मिटून बसले. मी तळवा वर करायची गरज नव्हती, ते आयुष्यभर असेच बसले होते. तीस सेकंद, पस्तीस. एकदम त्यांनी डोळे उघडले आणि मागे वळून दाराकडे पाहिलं.

“कोण उठलं?”

दारात कुणी नव्हतं. लंडनच्या त्या खोलीत, बेचाळीस वर्षांपूर्वी, खुर्ची करकरली होती. मी त्यांना ते सांगितलं. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “तंबोऱ्यावरून हात काढला तरी असंच होतं. तार थांबते, खोली थांबत नाही.” आणि थोड्या वेळाने, “मग विरत जातं ते चुकीचं नाही. आपण तोवर बसलं पाहिजे, एवढंच.”

बडबड सुरू झाली होती. मी सुई उचलायला उठलो तेवढ्यात मुलगी म्हणाली, “आजोबा, आत्ता शिट्टी वाजली ना?”

बाबांना ती ऐकू येणं शक्य नव्हतं. मलाही, चाळिशीत, आली की नाही सांगता आलं नसतं. मी त्यांना समजावणार होतो की असा एक स्वर आहे, कान म्हातारे झाले की तो जातो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. मुलीचा हात धरला आणि मला म्हणाले, “बस खाली. तिला अजून ऐकू येतंय. तिचं होऊ दे, मग उचल.”

शिट्टी तर केव्हाच संपली होती. तरी मी बसलो. खाचेत ती बडबड फिरत राहिली, पुन्हा पुन्हा, आणि आम्ही तिघे ऐकत राहिलो. मुलगीच शेवटी म्हणाली, “झालं.”

बाबा 2014 साली बेळगावात वारले. मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करते, दिवाळीला घरी येते. एक दुपार आम्ही त्या तबकडीसाठी ठेवतो. चढण येते, स्वर पडतो. चाळीस सेकंदांनी माझ्यासाठी खोलीत पंख्याशिवाय काही उरत नाही. सुई उचलण्याआधी मी तिच्या चेहऱ्याकडे बघतो. तिच्या भुवया किंचित वर जातात, डोळे एका जागी थांबतात. तिथे अजून काहीतरी चाललेलं असतं. मी हात मांडीवर ठेवतो आणि थांबतो.